चेंडूची शिवण आणि विमानाचा पंख

मराठीत प्रतीक्षेला 'वाट पाहणे' म्हणतात. या शब्दप्रयोगातील 'पाहणे' किती अन्वर्थक आहे, हे मला आयुष्यात प्रामुख्याने दोन ठिकाणी कळले. एक ठिकाण म्हणजे क्रिकेटच्या मैदानाचा काठ, जेथे शाळकरी वयापासून मी अगणित दुपारी काढल्या आहेत. आणि दुसरे म्हणजे विमानातील खिडकीकडची जागा, जी पुढे नोकरीनिमित्त माझ्या वाट्याला वारंवार आली. वरवर पाहता हे दोन्ही छंद परस्परांशी विसंगत वाटतील, कारण एकात माणूस सबंध दिवस एका जागी स्वस्थ बसलेला असतो आणि दुसऱ्यात तो ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने मुलूखच्या मुलूख ओलांडीत असतो; परंतु दोन्हीकडे बसणाऱ्याचे काम एकच, ते म्हणजे डोळे उघडे ठेवून वाट पाहणे, आणि दोन्हीकडे जे काही नवल घडते ते घडविणारे अदृश्य द्रव्यही एकच, ते म्हणजे हवा, ही गोष्ट माझ्या ध्यानी आली ती फार उशिरा, वयाची तिशी उलटल्यावर, एका प्रवासात. त्या प्रवासाची हकीकत पुढे येईलच; तत्पूर्वी मैदानाकडे जावयास हवे, कारण माझे पाहण्याचे शिक्षण तेथे सुरू झाले.

कसोटी सामन्याचा एक दिवस म्हणजे नव्वद षटके, म्हणजेच पाचशे चाळीस चेंडू. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून यष्टिरक्षकाच्या किंवा क्षेत्ररक्षकाच्या हाती विसावेपर्यंत एक चेंडू सरासरीने पाच सेकंद जिवंत राहतो असे धरले, तर सहा तासांच्या खेळात प्रत्यक्ष खेळ अवघा पाऊण तास भरतो. उरलेले सव्वापाच तास गोलंदाज आपल्या खुणेकडे चालत परततो, कप्तान दोन बोटांच्या इशाऱ्याने एखाद्याला चार पावले डावीकडे सरकवितो, फलंदाज खेळपट्टीवरचा एखादा उंचवटा बॅटच्या टोकाने ठोकून सपाट करतो, आणि दोन्ही पंच पायांखालच्या मातीकडे पाहत मंदगतीने आपापल्या जागी जातात. ज्यांना हा खेळ आवडत नाही ते याच सव्वापाच तासांवर बोट ठेवतात. मला मात्र क्रिकेटचे खरे ऐश्वर्य तेथेच साठविलेले दिसते. कारण दोन चेंडूंच्या मधल्या त्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला विचार करावयास सवड मिळते. स्लिपमधला एक माणूस कमी करून तो मिडविकेटला का नेला, हा गोलंदाज आता यष्टीच्या इतक्या जवळून का टाकू लागला, फलंदाजाने मागच्या षटकापासून पुढचा पाय अर्धी वीत बाहेर का काढला, असे प्रश्न ज्याला पडू लागले त्याला सामना कंटाळवाणा वाटणे शक्यच नाही. त्याच्या दृष्टीने मैदानावर सतत काही ना काही चाललेले असते आणि त्या चाललेल्या गोष्टीचा निकाल तेवढा चेंडू लावतो.

हे प्रश्न विचारावयास मला माझ्या मामांनी शिकविले. ते फोर्टातील एका कचेरीत कारकुनाच्या हुद्द्यावर होते आणि कचेरीच्या संघातून मध्यमगती गोलंदाजी करीत. पावसाळ्यातील रविवारी ते मला कांगा लीगचे सामने दाखविण्यासाठी आझाद मैदानावर नेत. डॉ. कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे मुंबईकरांच्या क्रिकेटवेडाचे लोभस रूप आहे. कारण इतर मुलुखांत पाऊस आला की क्रिकेट बंद होते, आणि येथे पावसाळा लागला की ही स्पर्धा सुरू होते. खेळपट्टी उघडी आणि भिजलेली, सीमारेषेकडचे गवत पोटरीपर्यंत वाढलेले, त्यामुळे जोरात मारलेला चेंडूही वाटेत कोठेतरी गवतात अडकून राहावयाचा आणि चौकाराची वाट पाहणाऱ्या फलंदाजांना दोन धावांवर समाधान मानावे लागावयाचे. आझाद मैदानावर वीसहून अधिक खेळपट्ट्या शेजारी शेजारी आहेत. एका सामन्याचा पॉइंटचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला जवळजवळ पाठ लावून उभा असतो, आणि तरीही कोणता चेंडू कोणाचा याविषयी कधी तंटा झालेला मी पाहिला नाही. आम्ही छत्री उघडून दोघांच्या मध्ये धरीत असू आणि मामांच्या खिशात नेहमी असणारे खारे शेंगदाणे आळीपाळीने खात असू.

अशाच एका रविवारी, पावसाच्या सरीने खेळ थांबला असताना, मामांनी पंचांच्या परवानगीने जुना चेंडू मला हातात घेऊ दिला. त्या चेंडूचा स्पर्श मला आजही आठवतो. कातड्याच्या दोन अर्ध्या गोलांना जोडणारी ती शिवण, सहा ओळींत घातलेले मेणाळलेले टाके, आणि बोट फिरविले की नखाला जाणवेल इतपतच वर आलेली त्यांची कड; तिच्या एका अंगाचे कातडे पँटीवर घासून घासून आरशासारखे झालेले, आणि दुसऱ्या अंगाचे मातीने, ओलीने, बॅटच्या तडाख्यांनी खरबरीत झालेले. मामा म्हणाले, "अरे, मारणाऱ्याकडे काय बघत बसतोस? चेंडू हातातून सुटताना ही शिवण कुणाकडे तोंड करून आहे, ते बघ. चेंडू तिकडेच जाणार." मी विचारले, "का जाणार?" मामा क्षणभर थांबले, आभाळाकडे पाहिले, आणि म्हणाले, "हवा नेते त्याला." याहून अधिक त्यांना सांगता आले नाही, आणि पुढे वीस वर्षे मलाही त्याहून अधिक कळले नाही, परंतु त्या दिवसापासून मी चेंडूकडे पाहू लागलो.

चेंडूकडे पाहणे म्हणजे काय, याचा सर्वोच्च आदर्श मला १९७५ साली पाहावयास मिळाला. वानखेडे स्टेडियमवरील पहिला कसोटी सामना त्या वर्षीच्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. सिमेंटचा वास अजून गेला नव्हता अशा त्या नव्या वास्तूत क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा काढल्या, पाहुण्यांनी ६ बाद ६०४वर डाव घोषित केला, आणि त्यानंतर आमच्या बाजूने ज्यांनी शतक काढले ते एकनाथ सोलकर होते. त्यांच्या १०२ धावा मी पाहिल्या आणि त्यांवर हात दुखेपर्यंत टाळ्या वाजविल्या. तथापि सोलकर म्हटले की माझ्या मन:चक्षूंसमोर त्यांची फलंदाजी येत नाही, फॉरवर्ड शॉर्टलेगला गुडघ्यांत वाकून, दोन्ही तळवे मातीला लागतील इतके खाली नेऊन, फलंदाजाच्या बॅटीपासून हातभर अंतरावर बसलेली त्यांची मूर्ती येते. त्या काळी शिरस्त्राण नव्हते. हिंदू जिमखान्यावरील माळ्याच्या पोटी जन्मलेला हा खेळाडू मैदानाच्या मातीवरच वाढला, आणि २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले, त्यांतले कितीतरी त्या एका जागेवरून. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीला जे यश आले त्यात या बसलेल्या माणसाचा वाटा किती मोठा होता, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना वेगळे सांगावयास नको. षटकामागून षटक तो तेथे बसे. पन्नास चेंडूंत एखादा त्याच्याकडे येई. आणि त्या एका चेंडूसाठी उरलेले एकोणपन्नास चेंडूही तो तितक्याच एकाग्रतेने पाही. वाट पाहणे ही निष्क्रिय गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सोलकरांना एकदा आठवावे.

या ठिकाणी इतिहासातील एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. हिंदुस्थानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२च्या जूनमध्ये, लॉर्ड्सच्या मैदानावर. कर्नल सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली तो सामना खेळलेला हा संघ मुंबई बंदरातून आगबोटीने रवाना झाला होता. आणि त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा हे कराचीहून एका इंजिनाच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादेस उतरले, तेथे बैलगाडीवरून आणलेल्या डब्यांतील इंधन विमानात भरून घेतले, आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर येऊन पोहोचले. म्हणजे ज्या वर्षी आमचे क्रिकेट जगाच्या दफ्तरी रुजू झाले त्याच वर्षी आमची हवाई वाहतूकही रुजू झाली. जुहूचा तो तळ पावसाळ्यात चिखलाने निकामी होई आणि विमानांचा मुक्काम तेवढ्यापुरता पुण्यास हलवावा लागे. आभाळात संचार करणाऱ्या त्या यंत्राचा सारा व्यवहार अखेर पायाखालच्या जमिनीच्या ओलाव्यावर अवलंबून होता, आणि हीच गोष्ट कोणताही खेळपट्टीचा जाणकार क्रिकेटविषयीही सांगेल.

खेळपट्टी आणि धावपट्टी, या दोन शब्दांचे सख्य मला फार आवडते. एक बावीस यार्डांची, दुसरी मुंबईला साडेतीन किलोमीटरांच्या आसपास. एकीवर माणसे धावतात, दुसरीवर विमाने. मराठीने या दोन्ही परकीय विषयांना किती सहजपणे आपल्या घरात घेतले आहे, याचा अभिमान बाळगावा असे मला वाटते. 'पायचीत', 'यष्टिचीत', 'धावचीत' या शब्दांतला 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आलेला आहे; 'त्रिफळा उडाला' म्हटले की तीन यष्ट्यांची दाणादाण डोळ्यांपुढे उभी राहते; आणि 'निर्धाव षटक' या संज्ञेत जी शांत प्रतिष्ठा आहे ती मूळ इंग्रजी शब्दातही मला आढळत नाही. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे शब्द कोणी मुद्दाम घडविले असतील असे कधी वाटलेच नाही. ते ज्ञानेश्वरांच्या काळापासून भाषेत असावेत इतके ते कानांना ओळखीचे झाले होते. विमान या शब्दाची तर कथाच वेगळी. तो आपल्याजवळ आधीपासूनच होता. पुष्पक विमान आजीच्या तोंडून ऐकलेले, तुकोबांना न्यावयास आलेले विमान कीर्तनातून ऐकलेले. त्यामुळे सांताक्रूझच्या तळावर खरेखुरे विमान पाहिले तेव्हा त्याला नवे नाव देण्याची गरजच कोणाला भासली नसावी.

आता तो प्रवास. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी मी कामानिमित्त मुंबईहून बंगलोरला निघालो होतो. विमानतळ हे ठिकाण मला आवडते, हे प्रथम नमूद केले पाहिजे. तेथे नावनिशी होते, सामानाचे वजन होते, परवाना पाहिला जातो, अंगझडती होते, आणि हा सर्व बंदोबस्त ओलांडून माणूस एकदा आतल्या दालनात जाऊन बसला की त्याच्यावर कोणतीही जबाबदारी उरत नाही. घरचे, कचेरीचे, गावचे सारे व्यवहार दाराबाहेर राहतात, आणि समोर मोठ्या काचेतून दिसणारी धावपट्टी तेवढी उरते. त्या दिवशी आमच्या विमानाला दोन तास विलंब झाला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर साताऱ्याकडच्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. नऊवारी लुगडे, कपाळावर बुक्का, मांडीवर घट्ट धरलेली कापडी पिशवी. मुलाकडे चालल्या होत्या, पहिलाच विमानप्रवास होता, आणि त्या दोन तासांत एकदाही त्यांनी घड्याळाविषयी विचारले नाही. खिडकीतून त्या विमानांची ये-जा पाहत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ, ही समदी एकाच अंगाला तोंड करून का हो उडत्यात?"

हा प्रश्न मी त्यापूर्वी शेकडो विमाने पाहूनही स्वत:ला विचारला नव्हता. उत्तर असे की विमान शक्यतो वाऱ्याच्या सामोरे उडते आणि वाऱ्याच्या सामोरेच उतरते. समोरून येणारा वारा पंखाला आयता मिळतो आणि तेवढी धाव कमी पुरते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा बहुतेक काळ समुद्राकडून येतो, म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या बाजूने समुद्रावर झेपावतात. मी हे सांगितले. बाई म्हणाल्या, "म्हंजी उफणल्यावानी. आमी बी खळ्यात तिवईवर उभं ऱ्हाताना आदी वारं बघायचो, मग पाटी धरायचो." वाऱ्याशी त्यांचा परिचय माझ्यापेक्षा जुना आणि सखोल होता, आणि त्यांच्या या एका वाक्याने तो विषय मला पूर्वी कधी कळला नव्हता इतका कळला.

योगायोगाने आत आमच्या जागाही शेजारी आल्या. खिडकीकडची जागा मी त्यांना देऊ केली, परंतु त्यांना खाली पाहण्याचे भय वाटत होते, म्हणून खिडकीशी मीच बसलो. विमान धावू लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि समुद्र खाली जाईपर्यंत सोडला नाही. मग म्हणाल्या, "पंख तर हलवीत न्हाई ह्ये. मग उडतंय कशावर?" मी पंखाकडे पाहिले, आणि त्या क्षणी मला त्याच्या पाठीवर ओळीने बसविलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या दिसल्या, करंगळीच्या पेराएवढ्या, वाऱ्याला किंचित तिरक्या. त्या कशासाठी असाव्यात हे मला तेव्हा सांगता आले नाही. बंगलोरहून परतल्यावर मी एका अभियंता मित्राकडे गेलो, आणि त्याने कागदावर आकृती काढून जे सांगितले ते ऐकताना मला आझाद मैदानावरचा तो पावसाळी रविवार आठवला.

पंखाचा आकार आणि त्याचा किंचित वर उचललेला कल यांमुळे त्याच्यावरून जाणारी हवा खाली वळविली जाते. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. सारे उड्डाण या देवघेवीवर उभे आहे. परंतु हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहिली तरच ही देवघेव चालते. ती मध्येच सुटली की पंखाचा आधार जातो. संथ वाहणारा थर लवकर सुटतो, आणि ढवळलेला थर अधिक काळ चिकटून राहतो. म्हणून काही विमानांच्या पंखांवर त्या बारीक पट्ट्या बसवितात. त्या हवेला मुद्दाम ढवळतात, आणि ढवळलेली हवा पंखाची पाठ सोडीत नाही.

चेंडूची शिवण नेमके हेच करते. गोलंदाज शिवण स्लिपच्या दिशेला तिरकी धरून चेंडू सोडतो. ज्या अंगाला शिवण पुढे आली आहे तिकडची हवा टाक्यांना ठेचकाळून ढवळते आणि चेंडूच्या पाठीमागे बऱ्याच अंतरापर्यंत चिकटून वळते. दुसऱ्या, गुळगुळीत अंगाची हवा संथ वाहते आणि लवकर सुटते. त्यामुळे चेंडूमागची हवा एकीकडे वळते आणि चेंडू दुसरीकडे, म्हणजे शिवणीचे तोंड ज्या दिशेला आहे तिकडे, ढकलला जातो. ताशी १४० किलोमीटरांच्या वेगाने आलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत पोहोचावयास सुमारे अर्धा सेकंद लागतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात टाक्यांची ती नखभर कड सबंध चेंडूला वीत-दीडवीत बाजूला नेते. पंखावरची पट्टी आणि चेंडूवरची शिवण या सख्ख्या बहिणी आहेत. "हवा नेते त्याला," असे मामा म्हणाले होते, आणि ते अक्षरश: खरे होते. हे सांगावयास मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना आकृती काढून दाखविली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग उशीजवळ ठेवलेला चष्मा लावून पुन्हा पाहिली, आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटे हवेत उंच करून, मधल्या अदृश्य शिवणीला नीट बसवून, मनगट हलकेच सोडले.

दमट हवेत चेंडू अधिक वळतो, भरतीच्या वेळी वानखेडेवर तो विशेष हलतो, असे मुंबईचे जुने गोलंदाज शपथेवर सांगतात. शास्त्रज्ञांचे या बाबतीत अद्याप एकमत झालेले नाही. मी गोलंदाजांच्या बाजूचा आहे.

त्या प्रवासानंतर विमानात बसले की मी अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो, आणि खिडकीने मला खूप काही दिले. तिच्या काचेत खालच्या बाजूस टाचणीने पाडावे तसे एक बारीक भोक असते, ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. खिडकीला एकामागे एक तावदाने असतात. त्यांच्यामधल्या पोकळीतील हवेचा दाब सांभाळण्यासाठी आणि काच धुरकटू नये म्हणून ते भोक ठेवलेले असते. पस्तीस हजार फुटांवर बाहेर शून्याखाली पन्नास अंशांची थंडी असते, आणि त्या भोकाभोवती हिमाची नाजूक फुले उमलतात. मी ती उमलताना पाहिली आहेत. प्रथम एक पांढरी सुई, मग तिला फुटलेल्या दोन शाखा, मग सबंध नक्षी. आतला दाब मात्र सहा-आठ हजार फूट उंचीवरच्याइतका ठेवलेला असतो, म्हणजे विमानातला प्रत्येक प्रवासी कळसूबाईच्या शिखराहूनही उंच असलेल्या एखाद्या डोंगरावर बसलेला असतो. त्या विरळ, कोरड्या हवेत जिभेची चव मंदावते आणि तेथले अन्न अळणी लागते. त्यावरचा उपायही मला त्या साताऱ्याच्या बाईंनीच दाखविला होता: जेवणाचे ताट आल्यावर त्यांनी पिशवीतून धपाटे आणि लसणाची चटणी काढली, निम्मे माझ्या ताटात ठेवले, पलीकडच्या तरुणाला दिले, आणि हवाईसुंदरीलाही, "घे गं बाई, सकाळधरनं उभीच हायेस," म्हणून एक धपाटा आग्रहाने दिला. तो तिने तेथेच उभ्याने खाल्ला.

माझे हे दोन्ही छंद एकाच रात्री एकत्र आले ते २०११च्या २ एप्रिलला. विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर चालला होता आणि मी नागपूरच्या विमानतळावर मुंबईच्या विमानाची वाट पाहत होतो. श्रीलंकेने २७४ धावा केल्या होत्या. दालनातील दूरदर्शन संचासमोर प्रवासी, सफाई कामगार, सुरक्षेचे जवान आणि उपाहारगृहाचे नोकर असे सर्वजण खांद्याला खांदा लावून उभे होते. गौतम गंभीर ९७वर बाद झाले आणि सबंध दालनातून एकच नि:श्वास निघाला. नेमक्या त्याच वेळी विमानात बसण्याची सूचना झाली. कोणी हलले नाही. सूचना पुन्हा झाली. शेवटी तेथील अधिकाऱ्यांनी जवळ येऊन अत्यंत मृदू स्वरात विनंती केली, आणि विनंती करीत असताना त्यांचीही नजर पडद्यावरच होती. आम्ही एकेक करीत, मागे वळून पाहत, विमानात जाऊन बसलो. दार लागले, दिवे मंद झाले, फोन बंद झाले. जिंकावयास हव्या असलेल्या धावा सर्वांना पाठ होत्या आणि त्यांचे काय होत आहे हे कोणालाच कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या अर्ध्या तासाइतकी सघन प्रतीक्षा मी दुसरी अनुभविली नाही. विमान वर चढत होते आणि दीडशे माणसे गप्प बसली होती. मग ध्वनिक्षेपक खरखरला आणि वैमानिकांचा आवाज आला. नेहमीच्या त्या संथ, अधिकृत स्वरात, ज्या स्वरात ते उंची आणि तापमान सांगतात, त्यांनी सांगितले की महेंद्रसिंग धोनी यांनी षटकार मारून सामना संपविला, ते ९१वर नाबाद राहिले, आणि भारत सहा गड्यांनी विजयी झाला. शेवटचे शब्द उच्चारताना मात्र त्यांचा स्वर हलला. पट्टे बांधलेल्या स्थितीत माणसांना उठता येत नव्हते, म्हणून सर्वांनी हात वर केले. पुढच्या ओळीतील एक आजोबा रुमालाने डोळे टिपीत होते, आणि माझ्या शेजारच्या अपरिचित मुलीने माझ्या हातावर टाळी दिली. तासाभराने विमान मुंबईवर आले तेव्हा खाली सर्वत्र आतषबाजी चालली होती. आतषबाजी आपण नेहमी मान वर करून पाहतो. वरून ती मी प्रथमच पाहिली. आवाज नव्हता. काळोखात ठिकठिकाणी नाण्याएवढी वर्तुळे उमलत आणि विझत होती, ठाण्याच्या खाडीपासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, आणि विमान त्यांच्यावरून अलगद तरंगत उतरत होते.

अलीकडे माझा प्रवास कमी झाला आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हैदराबादहून परतलो, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असावेत. विमान पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने, धावपट्टीच्या दिशेने खाली येत होते. घरांच्या गच्च्या, निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सारे स्पष्ट दिसू लागले होते. त्या दाटीत एक मैदानाचा तुकडा आला, चार इमारतींच्या मधला, अर्धा चिखलाने भरलेला. दहा-बारा मुले होती. तीन काठ्या रोवलेल्या होत्या. एक मुलगा बॅट धरून वाकला होता, एक अगदी त्याच्या पायांशी, तळवे जमिनीकडे करून बसला होता, आणि दुरून एक धावत येत होता. त्याने उडी घेतली, त्याचा हात डोक्यावर गेला, आणि खिडकीची कड मध्ये आली. मी मान मागे वळवून पाहिले. पंखाखाली आता रस्ता होता.